साडेसहाची क्षमा

१ डिसेंबर, सोमवार

क्षमा टीव्हीवर दिसली. खरंच दिसली.

शाळेत खिचडी वाढत होते. सातवीची शिवांजली ताट घेऊन रांगेत उभी, म्हणती कशी — मावशी, तुमची क्षमाताई 'अकरावीची पोरं'मधी हाय, गेल्या आठवड्यापासून लागतीय, रोज साडेसहाला. म्या म्हणले पुढं सरक, मागची लेकरं थांबल्यात. पण तिच्या ताटात एक पळी जास्त पडली. प्रेमाबाई माझ्याबरोबरच शाळेत शिजवायला असती, तिनं बघितलं. हसली तेवढी.

घरी आले. दार लावलं. टीव्हीचा आवाज इतका बारीक केला की मलाच ऐकू येईना. कॉलेजातल्या पोरापोरींची मालिका हाय. हॉस्टेल, कट्टा, कोण कुणाशी बोलत न्हाय, कोण कुणाकडं चोरून बघतंय. आणि मग जिन्यावरून ही उतरली! केस सरळ केल्यात. जन्माचे कुरळे केस, वेणी घालताना माझी बोटं दुखायची, ते पाण्यासारखे सरळ. आणि गोरी दिसती. सहा म्हयन्यांत एवढं गोरं कोण होत न्हाय. बत्त्यांचा उजेड असंल.

"काय यार" असं कायतरी म्हणली आणि गेली.

जूनमधी ती एसटीत बसताना म्या म्हणले होते, गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नको. नर्सिंगला नाव घालायचं ठरलं होतं, फॉर्म भरला होता, आणि ही मुंबईला नटायला निघाली. राग राग आला. तोंडातनं गेलं. आता रोज साडेसहाला दाखवणार.

ही तिचीच वही हाय. मागची पानं कोरी होती. कुणाला सांगावं असं कोण न्हाय म्हणून लिहायला घेतलं. हात दुखतोय. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं न्हाय.

२ डिसेंबर

आज आलीच न्हाय. उगाच अर्धा तास बसले. भाकरी करपली ती येगळीच.

४ डिसेंबर, गुरुवार

मालिका संपली की नावं येतात. येत न्हाईत, पळतात. बारीक अक्षर, मुंग्यांची रांग. म्या एक वाचस्तोवर धा पळून जातात. सोमवारी नुसता 'क्ष' घावला. काल 'क्षमा' घावलं. आज टीव्हीच्या काचेला नाक लावून बसले तवा पुढचं वाचलं — क्षमा राजपाल.

एवढंच. क्षमा राजपाल. ओव्हाळ न्हाय.

राजपाल म्हणजे तिचा बाप. जाऊन सात वर्षं झाली. गवंडी होता. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या, नाव एकीवरबी न्हाय. आता टीव्हीवर आलं. बरं वाटलं.

पण ओव्हाळ कुठं गेलं? त्यांनी काढायला लावलं का हिनंच काढलं? आडनाव कशाला इचारतात ते मला ठाव हाय. सांगितलं की समोरचा मनातल्या मनात कायतरी जुळवतो, आणि मग एक तर लई गोड बोलाय लागतो न्हायतर गप्पच होतो. पोरीनं तेवढ्यातनं सुटका करून घेतली असंल. तरी राग आला. मग राजपालचं नाव आठवून गेला. मग परत आला. बापाचं हाय, आडनाव गाळलं, माझं तर बसायला जागाच न्हाय कुठं.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेले. पांढरी साडी, मेणबत्ती. गर्दी होती. बचत गटाची कमलबाई शेजारी आली, म्हणली, चांगुणा, लेक लई मोठी झाली की गं, फोन करती का?

रोज करती, म्हणले.

बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभी राहून खोटं बोलले. तेबी आजच्या दिवशी.

९ डिसेंबर, मंगळवार

क्षमाचं नाव मालिकेत केतकी. केतकी खेड्यातली हाय पण हॉस्टेलात सगळ्यांना सांगती की घर पुण्यात, बाप कंपनीवाला. आज तिची आई दाखवली.

अगं बया! ती आई! साडी फाटकी पण इस्त्रीची. भाकरी करती ती पोळपाटावर! परात न्हाय, पाण्याचा हात न्हाय, नुसती थापट्या मारती आणि पीठ गालाला लावून घेती. आणि रडती. चूल पेटवताना रडती, पाणी भरताना रडती, पोरीचा फोटो पुसताना तर धारच लागती. असं रडत बसल्यावर कामं कोण करणार? आम्हाला दीडशे लेकरांचं टायमावर काढावं लागतं. रडून कसं चालंल.

बोलणंबी कसलं. "माजी लेक लई गुनाची हाय बगा." ह्यांना खेडं म्हणजे सगळं कोल्हापूरच वाटतं.

प्रेमाबाईला तांदूळ निवडताना सांगितलं, म्हणजे आपलं कुणाकडून तरी ऐकलं असं सांगितलं. ती म्हणती, "तुझ्यासारखी आई दाखवली असती तर मालिका पहिल्याच दिवशी संपली असती. पोरगी म्हणली जाते, आई म्हणली जा मर. संपलं. पुढं नुसत्या साबणाच्या जाहिराती."

शिजवणाऱ्या सगळ्या हसल्या. म्याबी हसले.

पण एक सांगायचं राहिलं. शेवटी केतकी त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गाण्यासकट. क्षमा माझ्या मांडीवर शेवटची कवा झोपली ते आठवंना. आठवीत असंल, तापात. तवाबी म्या म्हणले असणार, ऊठ, पाय आखडला. ती बाई तिच्या केसांतनं हात फिरवत होती. सरळ केसांतनं. सोपं हाय ते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रणधीर सरांचा फोन. म्या दचकलेच. हे सर धाराशिवच्या कॉलेजात नाटक बसवतात. त्यांनीच क्षमाला एकांकिकेत घेतलं, तिथनंच टीव्हीवाल्यांनी उचलली. जूनमधी म्या त्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोलले होते. लोकांच्या पोरी नासवता म्हणले होते. तरी माणूस अहो-जाहोच करतो.

तब्येत इचारली. शाळेचं इचारलं. मग हळूच म्हणाले, "मालिका बघता का, चांगुणाताई?"

"मला येळ न्हाय असल्या गोष्टींना," म्हणले.

मग म्हणाले, बरं, काळजी घ्या.

ठेवल्यावर ध्यानात आलं, क्षमाचा नंबर मागायचा होता. जुना लागत न्हाय. आता कसा मागू? आत्ताच तर तोऱ्यात सांगितलं, बघत न्हाय. माझ्या जिभेला हाड न्हाय आणि लगामबी न्हाय. एवढी मोठी झाले, पण पहिलं बोलायचं आणि मग इचार करायचा, ही खोड काय गेली न्हाय.

१५ डिसेंबर

आज तीनदा दिसली. निळा ड्रेस. बारीक झालीय. तिथं जेवायला कोण वाढतं?

१९ डिसेंबर, शुक्रवार — येळवस

मार्गशीर्षाची अमावस्या, शेतात जेवायचा सण; शाळेला सुट्टी. लक्ष्मम्मा अव्वांच्या शेतात आवतन होतं. अव्वा माझ्या शेजारच्या. ऐंशीच्या पुढं गेल्यात, एका डोळ्यानं दिसत न्हाय, कानाला कमी. आळंदकडनं लग्न होऊन आल्या त्याला साठ वर्षं झाली तरी निम्मं कानडीच बोलतात. त्यांचा मुलगा महांतप्पा ट्रॅक्टर घेऊन दारात आला. प्रेमाबाईला, मला, गल्लीतल्या सगळ्यांनाच बसवलं.

कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, तेच पाच पांडव. ज्वारी पोटऱ्यात आलेली. हरभऱ्याला घाटे. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकं भरून अंबील. घोंगड्यावर बसून एवढं खाल्लं की उठवंना.

क्षमाचा जीव अंबिलीवर. मडक्याचं फडकं सोडायच्या आधीच तांब्या घेऊन हजर. तीन तांबे पिऊन बांधावर आडवी व्हायची, आणि म्या म्हणायचे, पोरीची जात, अशी पसरू नको. लोळू दिलं असतं तर काय झालं असतं? कुणाचं काय जात होतं?

आज येळवस हाय हे तिला कुणी सांगितलं असंल का तिथं? मुंबईत कुणाला ठाव असणार. तिकडं अमावस्या म्हणजे नुसती अमावस्या.

पाच वाजले तसं मला बसवंना. डोकं दुखतंय म्हणले, चालतच निघते. मागनं प्रेमाबाईचा आवाज — "साडेसहाला बरं हुतंय का गं डोकं?" बायका फिदीफिदी. म्हणजे सगळ्या गल्लीला ठाव हाय! म्या दार लावून आवाज बारीक करून बघते आणि लोक दाराकडं बघून हसतात.

तरी गेले. धावतपळत गेले. केतकी मैत्रिणींबरोबर पिझ्झा खात होती, चीज ओढून ओढून. एवढी पायपीट करून हे बघायला आले.

२४ डिसेंबर, बुधवार

आज केतकीची आई हॉस्टेलात आली. हातात पिशवी, पिशवीत डबा. मैत्रिणी म्हणल्या ह्या कोण? केतकी म्हणली — "आमच्याकडे कामाला होत्या. गावाहून आल्यात."

आईनं ऐकलं. आणि रडली न्हाय. पहिल्यांदाच न्हाय रडली. डबा ठेवला आणि गेली.

म्या टीव्ही बंद केला. परत लावला.

ते वाक्य बोलताना क्षमानं कानाची पाळी धरली. ते कुणी लिहून दिलेलं न्हाय. ते तिचं हाय. लहानपणापासून खोटं बोलली की कान धरती. छत्री हरवली तवा धरला. नाटकाच्या तालमीला गेली आणि लायब्ररीत होते म्हणली तवा धरला. एवढे दिवस टीव्हीपुढं बसते, त्या सरळ केसांत आणि गोऱ्या तोंडात माझी पोर हुडकते. आज पहिल्यांदा घावली. आणि घावली ती आईला कामवाली म्हणताना.

तिथल्या पोरींनी तिला कधीतरी इचारलं असंलच, तुझी आई काय करती? शाळेत शिजवती म्हणली असंल का? का कान धरला असंल?

कुणाला इचारू.

२६ डिसेंबर, शुक्रवार

रांगेत पोरींचा एकच इषय. केतकी लई वाईट, सख्ख्या आईला कामवाली म्हणली. शिवांजली म्हणली, मावशी, तुम्ही रागावलात का क्षमाताईवर?

म्हणले, ती कशाला वाईट? तिला लिहून दिलंय ते बोलती ती. तू कविता म्हणतीस ती काय तुझ्या मनची असती? गप जेवा.

शिवांजली जाता जाता म्हणली, म्हणजे तुम्ही बघता!

प्रेमाबाई पातेल्यात तोंड घालून हसत होती.

२८ डिसेंबर

क्षमाची पेटी उघडली. नर्सिंगचा फॉर्म तसाच हाय. घड्या घालून ठेवला. मग परत उघडला. फोटो चिकटवलाय त्यावर. कुरळे केस, कपाळाला आठ्या. माझ्यावर चिडून काढलेला फोटो. तोच जरा वेळ बघितला.

१ जानेवारी, गुरुवार

जुना नंबर लावून बघितला. हा क्रमांक सेवेत नाही, ती बाई म्हणती. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. एकदा सांगून माणूस ऐकत न्हाय हे तिलाबी ठाव हाय.

म्या पाचदा लावला.

६ जानेवारी, मंगळवार

केतकी आजारी दाखवतायत. डॉक्टर नुसता मान हलवतो. आईची माफी मागायची म्हणती पण आई गावाला, आणि फोनला रेंज न्हाय. लक्षण काय बरं दिसत न्हाय.

प्रेमाबाई म्हणती, मारणार तिला, बघ. म्हणले तुझ्या तोंडाला आग लागो. मग म्हणले, मेली तर मेली, नाटक हाय.

पण भात लागला आज. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातनं भात लागला.

१० जानेवारी, शनिवार

मेली.

हार घातलेला फोटो दाखवला. पुढं ती बाई बसून रडती. आणि म्या फोटो बघितला तर हातातलं ताट सुटलं.

तो फोटो टीव्हीवाल्यांनी काढलेला न्हाय. तो आमचा हाय. दहावीच्या निरोप समारंभाचा, शाळेच्या पायरीवर काढलेला. क्षमा हसतीय, आणि तिच्या खांद्यावर एक हात हाय. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला भाजल्याचा डाग. माझा हात. मनगटापुढची म्या कापून टाकलीय.

म्हणजे त्यांनी तिच्याकडं एखादा जुना फोटो मागितला असणार. आणि तिच्याजवळ हाच होता. एवढे सरळ केसांचे ढीगभर फोटो काढले असतील, पण जुना म्हणून हा एकच. फोनमधी ठेवलेला. संगं नेलेला.

कापला कुणी? तिनं का त्यांनी?

ती बाई हार सारखा करत होती, माझ्या हाताच्या वरनं. सगळ्या महाराष्ट्रानं माझा हात बघितला असंल, आणि कुणाला ठाव न्हाय तो कुणाचा.

सोमवारपासून साडेसहाला काय करू?

११ जानेवारी, रविवार

आजचं नीट लिहायचं हाय.

सकाळी दार वाजलं. लक्ष्मम्मा अव्वा. काठी टेकत, पदराखाली टोपलं. टोपल्यात भाकरी आणि पिठलं, वाफ निघत होती. म्या म्हणले, अव्वा, हे काय? आज काय सण हाय?

"खा बाई," म्हणाल्या. "दोन घास खा. पोट काय ऐकत न्हाय."

मला कळंना. मग कळलं. त्यांनी कडू घास आणला होता! मयताच्या घरात चूल पेटत न्हाय म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि घरच्यांना बळंच खाऊ घालायची, तो. काल नातवंडांच्या टीव्हीवर हार घातलेला फोटो बघितला. सून म्हणली ही आपल्या चांगुणाची क्षमा. पुढचं ऐकायला कान कुठायत? पहाटं उठून सवता पिठलं हाटलं, सुनेला हातबी लावू दिला न्हाय.

पहिल्यांदा हसू आलं. मग संताप. वरडून सांगितलं, कानाला कमी म्हणून आणि राग म्हणूनबी — "अव्वा, ती मेली न्हाय! ते टीव्हीतलं खोटं असतं. माझी लेक जित्ती हाय."

अव्वानं बऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"जित्ती हाय? मग कुठं हाय?"

मुंबईत, म्हणले.

"मुंबईत कुठं?"

ठाव न्हाय.

"बोललीस कवा तिच्याशी?"

जूनमधी, म्हणले.

अव्वानं उंबऱ्यावर काठी ठेवली, खाली बसल्या, टोपलं पुढं ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, माझ्या तोंडापुढं धरला. म्हणले अव्वा, अहो जित्त्या पोरीचा कडू घास कोण खातं? म्हणाल्या, आणलेला परत नेत न्हाईत. आणि जित्त्याचा खाल्ला तर त्याचं आयुष्य वाढतं. म्हणले, असं कुणी सांगितलंय? म्हणाल्या, म्या सांगते की.

खाल्ला. त्यांच्या हातनं खाल्ला. दोन भाकरी संपवल्या. मध्येच कवातरी रडायला लागले. त्या टीव्हीतल्या बाईसारखं न्हाय. नाक वाहात होतं, उचकी लागली, पिठलं घशात अडकलं. अव्वा पाठीत धपाधप मारत होत्या आणि कानडीत कायतरी म्हणत होत्या. बघायला कोण नव्हतं ते बरं.

तोंड दाखवू नको म्हणले आणि पोरगी गेली, तवाच कुणीतरी हा घास आणायला पाहिजे होता. मला सात म्हयने उपाशी ठेवलं.

१३ जानेवारी, मंगळवार

ठरलं. शनिवारी सकाळची शाळा हाय, ती उरकली की धाराशिवला जाते. रणधीर सरांकडनं मुंबईचा पत्ता घेते. पाया पडाय लागलं तरी पडते.

प्रेमाबाईला सांगितलं, पुढच्या आठवड्यात माझं सगळं तुला बघावं लागंल, म्या मुंबईला चालले. ती म्हणली, तू? तुला सोलापूर म्हणजे परदेश. मुंबईत हरवलीस म्हणजे? म्हणले, तोंड हाय की, इचारत जाईन.

"इचार," म्हणली. "पण तिथं गेल्यावर तेवढं तोंड जरा आवर. पहिलं तिला बोलू दे."

म्हणले बघते.

नवा ब्लाउज शिवायला टाकला. जुन्यावर जावं का नव्यावर हे लई वेळ ठरंना. नवा बघून तिला वाटायला नको की म्या तिच्या लोकांत मिरवायला आले. जुना बघून लाज वाटायला नको. पहिल्यांदाच आयुष्यात म्या काय घालायचं ह्याचा इचार केला. टीव्हीवाल्यांना रोज करावा लागत असंल.

१६ जानेवारी

उद्या. तिला काय म्हणायचं ते पाठ करतीय, एकबी वाक्य धड जमत न्हाय. लिहून देणारं कोण भेटलं असतं तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

सरांना मुंबईचा पत्ता मागितला. सरांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, मुंबईत कुणी नाही, ताई. शूटिंग दिवाळीच्या आधीच संपलं. सगळे भाग काढून ठेवतात आणि मग दाखवतात. पुढचं काम मिळालं नाही. दिवाळीपासून ती इथंच आहे, मला शपथ घातली होती. डिसेंबरात मी फोन केला तेव्हा शेजारीच उभी होती.

तीन म्हयने. एसटीनं तासाभरावर. म्या बघत होते ते सगळं होऊन गेलेलं होतं.

कॉलेजाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान हाय. क्षमा मशीनवर. साधा पंजाबी ड्रेस, चष्मा. पुढं पोरापोरींची गर्दी, हीच पोरं साडेसहाला टीव्हीपुढं बसत असणार. कागद देतात, घेतात, जातात. कुणी वळखत न्हाय.

गर्दी हटस्तोवर थांबले. म्या, थांबले.

तिनं वर बघितलं. हातातला कागद तसाच राहिला. मग म्हणली, "तूच म्हणली होतीस, तोंड दाखवू नको."

"म्या लई कायकाय म्हणते," म्हणले. "तू कवापासून माझं ऐकायला लागलीस?"

तिनं मशीन बंद केली, आणि टेबलाखाली पायानं चपला हुडकायला लागली.